एकवीस गुणांची गल्ली

धावफलकावर २०-१९. आपण एका गुणाने मागे. चेंडू आपल्या हातात आहे आणि पडद्यावरची करामतींची पट्टी काठोकाठ भरलेली आहे. बटन दाबलं की खेळाडू झेप घेतो, बाकीचं सगळं क्षणभर मागे पडतं आणि चेंडू रिंगमधून खाली येईपर्यंत दोन गोष्टी घडून गेलेल्या असतात. आपले गुण वाढलेले असतात आणि समोरच्याचे कमी झालेले. विजयाच्या उंबरठ्यावर उभा असलेला प्रतिस्पर्धी वीसवरून खाली घसरतो.

क्रिकेटमध्ये समोरच्या संघाने काढलेल्या धावा आपल्या षटकाराने कापल्या जात नाहीत. कबड्डीत घेतलेला गुण चढाईने परत हिरावता येत नाही. 'एनबीए स्ट्रीट' या मालिकेने मात्र २००१ मध्ये हे धाडस केलं, त्याला 'गेमब्रेकर' असं नाव दिलं, आणि गल्लीतल्या बास्केटबॉलवरच्या व्हिडिओ गेमचा सगळा वाद त्या एका नियमाभोवती फिरू लागला. या नियमाने खेळात जान आणली आणि या नियमानेच त्याचा न्यायही बिघडवला. दोन्ही म्हणणी खरी आहेत. त्यामुळे या गेमची ताकद आणि उणिवा पाहताना दोन वेगळे रकाने आखता येत नाहीत.

आधी मूळ खेळाकडे पाहायला हवं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १५५ वा रस्ता आणि फ्रेडरिक डग्लस बुलेव्हार्ड जिथे मिळतात, तिथे रकर पार्क आहे. होलकोम्ब रकर हे शहराच्या उद्यान खात्यात क्रीडांगण सांभाळणारे गृहस्थ. वस्तीतली पोरं वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी उन्हाळी स्पर्धा सुरू केल्या, आणि मुलांच्या खेळाइतकंच त्यांच्या शिक्षणावरही लक्ष ठेवलं. १९६५ मध्ये ते गेले, १९७४ मध्ये मैदानाला त्यांचं नाव लागलं. विल्ट चेंबरलेनसारखे व्यावसायिक खेळाडू आणि अर्ल मॅनिगॉल्टसारखे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये कधीच न खेळलेले वस्तीतले दिग्गज, दोघांनीही याच कुंपणाआड घाम गाळला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ज्युलियस अर्व्हिंग इथे खेळायचा, तेव्हा लोक झाडांवर आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर चढून बसत.

स्पर्धा नसते तेव्हा अशा मैदानांवर पंच नसतो. फाऊल झाला की तो खेळाडूनेच पुकारायचा, मग त्यावर हुज्जत, मग तडजोड. जिंकणारा संघ मैदानावर राहतो, हरणारा बाहेर जातो आणि पुन्हा नंबर लावतो. आत टाकलेल्या बास्केटला एक गुण, लांबून टाकलेल्याला दोन, आणि डाव अनेकदा एकवीसपर्यंत. पण गुणांइतकंच महत्त्व असतं ते बघ्यांच्या आरोळीला. समोरच्याला अशी हूल द्यायची की त्याचा पाय मुरगळावा, चेंडू त्याच्या दोन पायांमधून काढायचा, आणि कठड्यावर बसलेल्या पोरांनी उड्या मारत उठावं. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते आणि निवेदक पैलवानाच्या गावासकट त्याची कुंडली मांडतो. या सगळ्याची ज्यांना सवय आहे, त्यांना रकर पार्कवर माइक घेऊन मैदानातच फिरणारा निवेदक मुळीच परका वाटणार नाही.

हे सगळं पडद्यावर आणायचं तर ऐट मोजावी लागते. इथेच बहुतेक गेम अडखळले.

पहिलं पाऊल १९८३ मध्ये पडलं. एरिक हॅमंड यांनी अॅपल टू संगणकासाठी केलेल्या 'वन ऑन वन' या गेममध्ये दोनच खेळाडू होते, ज्युलियस अर्व्हिंग आणि लॅरी बर्ड. गेम इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा, म्हणजे ईएचा, आणि कंपनी तेव्हा नुकती उभी राहिलेली. जोरदार डंक मारला की कधीकधी फळीची काच फुटायची आणि सफाई कामगार झाडू घेऊन यायचा. मोजक्या रंगांच्या त्या पडद्यावर तो झाडूवाला हीच सगळ्यात जिवंत गोष्ट होती. नियमांच्या पलीकडे मैदानाला स्वतःचं आयुष्य असतं, हे त्या एका छोट्या चित्रातून कळत होतं.

पुढे मिडवे कंपनीचा 'आर्च रायव्हल्स' १९८९ मध्ये आला, त्यात प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारता यायचा. १९९३ मध्ये त्याच कंपनीतल्या मार्क टर्मेल यांच्या चमूने 'एनबीए जॅम' काढला आणि आर्केडसमोर रांगा लागल्या. दोन विरुद्ध दोन खेळाडू, माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट वर जाणाऱ्या उड्या, लागोपाठ तीन बास्केट टाकणाऱ्याच्या हातातला चेंडू पेटणार, आणि टिम किट्झरो यांचा तो दणदणीत आवाज. हा गेम रस्त्यावरचा नव्हता, बंदिस्त स्टेडियममधला होता. पण नियम हलके केले की बास्केटबॉल किती मोकळा श्वास घेतो, हे त्याने दाखवून दिलं. एक खोटही त्याच्यासोबत आली. मागे पडलेल्या संघाला आतून मदत करायची सोय त्यात होती. शिवाय टर्मेल डेट्रॉईट पिस्टन्सचे चाहते, त्यामुळे पिस्टन्सविरुद्ध अटीतटीच्या सामन्यात शिकागो बुल्सचे शेवटचे फटके चुकावेत अशी तजवीज आपण केली होती, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. गेममधला पंच दिसत नाही, म्हणून तो नसतो असं नाही.

'एनबीए स्ट्रीट' प्लेस्टेशन २ वर २००१ च्या उन्हाळ्यात आला. नूएफएक्स आणि ईए कॅनडा यांनी मिळून केलेला, आणि ईए स्पोर्ट्स बिग या नव्या छापाखाली निघालेला. आदल्या वर्षी याच छापाने बर्फावरच्या शर्यतींचा 'एसएसएक्स' काढला होता. तीन विरुद्ध तीन, एकवीस गुण, दोन गुणांच्या फरकाने विजय, फाऊल नाही, फ्री थ्रो नाही. एनबीएचे खरे खेळाडू आणि त्यांच्या बरोबरीने कल्पनेतले गल्लीतले दादा: भलामोठा अफ्रो बाळगणारा स्ट्रेच, नावातच विरोधाभास असलेला बिगी लिटल, टोकियोच्या वळणाचा ताकाशी. एका प्रकारात शहरागणिक फिरून तिथल्या संघाला हरवायचं, आणि हरवलेल्या संघातला खेळाडू आपल्याकडे ओढायचा. दुसऱ्यात मैदान धरून ठेवायचं. हरलात की बाहेर. नंबर लावून खेळण्याची ती जुनी रीत अशी खेळातच मुरवली होती.

पण या पहिल्या गेममध्ये एक मोठी गोची होती. उंच खेळाडूने हवेत उडी मारून फटके अडवणं इतकं सोपं होतं की छोट्या चणीच्या चपळ खेळाडूची सगळी हुशारी रिंगजवळ येऊन संपायची. आघाडी वाढली की कॉम्प्युटरच्या संघाचे नेम एकाएकी अचूक होतात, ही खेळणाऱ्यांची तक्रार तेव्हापासूनची.

दोन वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, 'एनबीए स्ट्रीट व्हॉल्यूम २' आला. या सगळ्या परंपरेतला सर्वांत परिपूर्ण गेम हाच, आणि वीस वर्षांनंतरही त्याच्या जवळपास दुसरा कुणी पोचलेला नाही. असं ठामपणे म्हणायला कारणं आहेत.

पहिलं कारण करामतीच्या किमतीचं. पॅडच्या खांद्यावरची बटनं धरून करामतीचं बटन दाबलं की खेळाडू वेगवेगळ्या हुली काढतो. कधी चेंडू पाठीमागून फिरवतो, कधी समोरच्याच्या डोक्यावर आपटून परत झेलतो, कधी फळीवर मारून स्वतःलाच पास देतो. प्रत्येक हुलीचे वेगळे करामत-गुण मिळतात, आणि एकामागून एक वेगळ्या हुली गुंफल्या तर ते वाढत जातात. पण हूल चालू असताना चेंडू उघडा असतो. बचाव करणाऱ्याने नेमक्या क्षणी हात घातला की चेंडू गेला. म्हणजे दरवेळी एक छोटा जुगार. सरळ जाऊन एक गुण घ्यायचा, की आणखी एक फिरकी घेऊन पट्टी भरायची आणि सगळंच गमावण्याचा धोका पत्करायचा? खऱ्या मैदानावर ऐट करणाऱ्यापुढे हाच प्रश्न असतो. फसलेली हूल तिथे हसं करते. गेमने ती नामुष्की चेंडू गमावण्यातून आणली, आणि म्हणून त्यातली ऐट पोकळ वाटत नाही.

दुसरं कारण गेमब्रेकरच्या सुधारणेचं. पट्टी एकदा भरली की ती लगेच वापरता येते किंवा राखून ठेवून दुसऱ्यांदा भरता येते. दुसऱ्या पातळीचा फटका जास्त घातक. राखून ठेवावं तर तेवढ्यात डाव हातचा जायची भीती. दोघे मित्र एका सोफ्यावर बसून खेळत असतील तर या क्षणी खोलीत जी शांतता पसरते, ती बाकीच्या क्रीडा-गेममध्ये क्वचितच अनुभवाला येते. दोघांनाही पट्टी दिसत असते. दोघांनाही माहीत असतं की काय होऊ घातलंय.

आणि तिसरं, आवाज. निवेदनाला बॉबिटो गार्सिया आहेत. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर स्वतः खेळलेला, डीजे म्हणून नाव कमावलेला, बुटांच्या वेडावर पुस्तक लिहिलेला आणि पुढे २०१२ मध्ये शहरातल्या गल्ली-बास्केटबॉलवर माहितीपट करणारा हा माणूस स्टुडिओत बसून वाचून दाखवणारा निवेदक नव्हे. तो टोमणे मारतो, टोपणनावं ठेवतो, खेळाडूची फजिती झाली की कळवळून ओरडतो. मेनूवर पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ यांचं १९९२ चं गाणं वाजतं, सामन्यांच्या पार्श्वभूमीला जस्ट ब्लेझ यांचं संगीत आहे. हा पोशाखी हिपहॉप नाही. या मैदानांवर जे ऐकलं जायचं तेच इथे ऐकू येतं. मैदानंही नावानिशी आहेत: हार्लेमचं रकर, ओकलंडचं मॉसवुड पार्क, ह्यूस्टनचं फोन्डे रेक सेंटर. आणि खेळाडूंमध्ये मॅजिक जॉन्सन आणि पीट मॅराविच यांच्यासोबत तेच दोघे, अर्व्हिंग आणि बर्ड, वीस वर्षांनी पुन्हा समोरासमोर.

मग उणीव काय? दुसऱ्या पातळीचा गेमब्रेकर सुरू झाला की एक ठरलेलं दृश्य चालतं आणि खेळणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. बचाव करणारा पॅड मांडीवर ठेवून आपलं नुकसान बघत बसतो. दहा मिनिटं नीट बचाव केलेला, संयमाने एकेक गुण गोळा केलेला खेळाडू अशा दोन फटक्यांत हरू शकतो, आणि त्याचा संताप रास्त आहे. पासिंगला इथे फारसं मोल नाही, चेंडूशिवाय धावून जागा काढण्याला तर जवळजवळ नाहीच. एकट्याने खेळताना कारकीर्द घडवण्याचा भागही मध्यावर रेंगाळतो. त्याच त्या मैदानांवर त्याच त्या संघांशी पुनःपुन्हा भिडावं लागतं. आणि कॉम्प्युटरचं ते अचानक अचूक होणं इथेही पुरतं गेलेलं नाही.

२००५ च्या 'व्ही३' मध्ये हुली पॅडच्या उजव्या कांडीवर आल्या. हाताळणी सोपी झाली, स्वतःचं मैदान रंगवता येऊ लागलं, निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर तर मारिओ, लुइजी आणि पीच हेही खेळायला उतरले. मुलांनी ते मनापासून उचललं. पण कांडी फिरवली की करामत, म्हणताना करामतींचा सुकाळ झाला. आधी जी गोष्ट मोक्याच्या क्षणी पुरवून वापरायची, ती आता दर चालीला होऊ लागली, आणि सणावाराचं पक्वान्न रोज ताटात पडलं की होतं तसं झालं. २००७ चा 'होमकोर्ट' दिसायला देखणा. नव्या यंत्रांवरची अतिशय गुळगुळीत हालचाल, सोनेरी उन्हात न्हालेलं चित्र, आणि एनबीएतले खेळाडू जिथे वाढले त्या गावांमधल्या मैदानांची सुंदर कल्पना. प्रत्येक मोठा खेळाडू कुठल्या तरी गल्लीतून आलेला असतो, हे त्यातून फार हळुवारपणे कळतं. खेळायचे प्रकार मात्र मोजके, आणि आधीच्या गेममधले कल्पनेतले दादा गायब. पुढच्याच वर्षी बिग हा छाप कंपनीने बंद केला. मुख्य मालिका तिथेच थांबली, ती थांबलीच.

प्रतिस्पर्धी कंपन्यांनी दुसऱ्या वाटा चोखाळल्या. अँड१ या बूट-कपड्यांच्या कंपनीने राफर अल्स्टन या न्यूयॉर्कच्या पोराच्या करामतींची चित्रफीत गाजवली होती. 'स्किप टू माय लू' हे त्याचं मैदानावरचं नाव, आणि तो पुढे एनबीएतही खेळला. त्या लाटेवर अॅक्टिव्हिजनचा 'स्ट्रीट हूप्स' २००२ मध्ये आणि युबिसॉफ्टचा 'अँड१ स्ट्रीटबॉल' २००६ मध्ये आला. दोन्ही ब्लॅक ऑप्स या एकाच चमूचे. दुसऱ्यात दोन कांड्यांच्या हालचालींतून स्वतःची हूल रचून तिला नाव देता यायचं, ही खरोखर उत्तम सोय होती. फक्त तिच्याभोवतीचा खेळ आखडलेला, खेळाडूंचे पाय चिखलात रुतल्यासारखे. मिडवेच्या २००४ च्या 'एनबीए बॉलर्स' मध्ये एकास एक लढती होत्या आणि बक्षीस म्हणून बंगले, गाड्या, दागिने. श्रीमंतांच्या अंगणातला तो खेळ गल्लीतला कधी वाटलाच नाही.

दक्षिण कोरियात याच काळात वेगळं काही घडत होतं. जेसी एंटरटेनमेंटने २००४ मध्ये 'फ्रीस्टाईल' हा ऑनलाइन गेम काढला. कार्टूनसारखं चित्र, तीन विरुद्ध तीन, आणि प्रत्येक खेळाडूमागे एक खरा माणूस. सेंटर झालात तर रिबाउंड घ्यायचे, गार्ड झालात तर चेंडू वाटायचा. दुसऱ्याचं काम करायला गेलात तर संघ बुडणार. अमेरिकी गेमना न जमलेली सांघिक समज इथे आपोआप आली, कारण जोडीदाराच्या शिव्या कुणालाच ऐकून घ्यायच्या नसतात. पण गेम फुकट असल्यामुळे कमाई वस्तू विकून, आणि अंगावरच्या कपड्यांनी खेळाडूची क्षमता वाढू लागली की मैदानावरची बरोबरी संपते. रस्त्यावरच्या खेळाचं सगळं वैभव हेच, की तिथे महागडे बूट घातलेल्याला अनवाणी पोरगं हूल देऊ शकतं.

हाच रोग पुढे मुख्य प्रवाहात शिरला. २०१३ च्या 'एनबीए २के१४' मध्ये 'द पार्क' नावाचा भाग आला. आपण घडवलेला खेळाडू घेऊन एका ऑनलाइन मैदानावर जायचं, कडेला आखलेल्या जागेवर उभं राहायचं, आणि चालू डाव संपला की आपला नंबर. हरलात तर पुन्हा कडेला. कित्येक वर्षांनी कुणीतरी रांगेत ताटकळण्याचा आनंद ओळखला होता, आणि कडेला उभं राहून अनोळखी माणसांचा खेळ न्याहाळत, कुणाशी जोडी जमवावी याचा अंदाज बांधणं हा या भागातला सर्वांत खरा अनुभव होता. २०१७ च्या 'एनबीए २के१८' मध्ये त्याची अख्खी वस्ती झाली, दुकानं आली, केशकर्तनालय आलं. आणि केस कापायलाही गेममधलं चलन मोजावं लागू लागलं. तेच चलन खेळाडूची नेमबाजी, वेग, उडी वाढवायला लागतं, आणि ते खऱ्या पैशांनी विकत मिळतं. नवीन माणूस कच्चा खेळाडू घेऊन मैदानात उतरला की कुणी त्याला आपल्यात घेईना. खेळणाऱ्यांनी तेव्हा प्रचंड ओरड केली, आणि ती सर्वस्वी योग्य होती.

त्याहून क्लेशदायक गोष्ट पुढची. 'एनबीए २के२०' सप्टेंबर २०१९ मध्ये आला आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले. त्या ऑनलाइन मैदानाला कुलूप लागलं. पैसे मोजून घडवलेला खेळाडू, जमवलेले मित्र, मिळवलेली ओळख, सव्वादोन वर्षांत सगळं संपलं. रकर पार्क सत्तर वर्षांचं आयुष्य अंगावर वागवत उभं आहे.

सेबर इंटरॅक्टिव्हच्या २०१७ च्या 'एनबीए प्लेग्राउंड्स' ने जुना दोन विरुद्ध दोनचा थाट पुन्हा मांडायचा प्रयत्न केला. मोठ्या डोक्याचे गमतीदार खेळाडू, उंच उड्या, जगभरची मैदानं. पण आवडता खेळाडू मिळवायचा तर पत्त्यांची पाकिटं फोडत बसायचं, नशिबात असेल तो निघेल. शेजारी मित्र येऊन बसला आणि त्याला मॅजिक जॉन्सन हवा आहे, पण तो पाकिटातून निघालेलाच नाही, अशा प्रसंगी गेमची बाजू घेणं कठीण होतं.

महाराष्ट्रात या मालिकेला मोठा चाहतावर्ग का मिळाला नाही, याचं एक साधं कारण आहे: 'एनबीए स्ट्रीट' पीसीवर कधी आलाच नाही. त्या काळात इथली बहुतेक पोरं सायबर कॅफेतल्या किंवा घरच्या संगणकावर खेळत, त्यांच्या वाट्याला आला तो त्याच कंपनीचा 'एनबीए लाइव्ह'. पंच, फाऊल, शिट्टी असलेला. गंमत अशी की मुंबईला गल्लीतला बास्केटबॉल नवा नव्हता. नागपाड्याने दाटीवाटीच्या वस्तीतून भारताचे कर्णधार अब्बास मुंतासिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार विजेता घडवला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएतले इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेन्टो किंग्ज हे संघ वरळीच्या डोममध्ये दोन सामने खेळून गेले. तिथून काही किलोमीटरवर नागपाड्याचं मैदान आहे, आणि 'होमकोर्ट' सारख्या गेमने जगभरची मैदानं धुंडाळली असती तर ते यादीत शोभलं असतं.

खऱ्या खेळाने मात्र दरम्यान गल्लीचे नियम स्वीकारले. टोक्यो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, तीन विरुद्ध तीनचा बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला: एक रिंग, दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, आतून एक, लांबून दोन. लॅटव्हियाच्या पुरुषांनी आणि अमेरिकेच्या महिलांनी सुवर्ण जिंकलं. पडद्यावरच्या गल्लीतही महिलांना हळूहळू जागा मिळत गेली. ईएच्या 'एनबीए लाइव्ह १९' ने २०१८ मध्ये स्वतःची महिला खेळाडू घडवून रस्त्यावरच्या मैदानांवर पुरुषांशी खेळायची मुभा दिली, आणि ते त्या गेमचं सर्वांत चांगलं काम होतं.

एक गोष्ट मात्र १९८३ पासून आजपर्यंत या गेमपैकी एकानेही नीट आणलेली नाही: फाऊलवरची हुज्जत. पंच नाही म्हणून 'एनबीए स्ट्रीट' ने फाऊलच काढून टाकले, '२के' ने शिट्टीचं काम यंत्राला दिलं. मैदानावर चेंडू काखेत धरून "लागलं, लागलं" म्हणणारा, "कुठे लागलं?" म्हणत अंगावर येणारा, मध्ये पडणारा तिसरा, आणि शेवटी "ठीक आहे, लांबून टाक, गेला तर तुझा" असा निघणारा तोडगा, हे सगळं बाहेरच राहिलं. सोफ्यावर शेजारी बसलेल्या दोघांमध्ये ते अजून होतं. दोन पॅड आणि २००३ ची ती तबकडी असली की गेमब्रेकर पडल्यावर एकजण उठून उभा राहतो, हा फटका धरायचा नाही म्हणतो, आणि दुसरा त्याला खाली ओढून बसवत पुढचा डाव लावतो.